एका दाताचा फरक

अबोल्याचे कारण तसे क्षुल्लक होते. पण कारणाचा आकार पाहून माणसे रुसत नाहीत. एका सुटीच्या दिवशी भावजयीने गॅरेजच्या भिंतीवरचे सगळे पाने लहान-मोठे असे क्रमाने लावले. नणंदेने ते आपल्या हाताच्या सोयीने टांगलेले होते. कोणता पाना कुठे, हे तिच्या खांद्याला पाठ होते. ज्या मांडणीत एखाद्याची उमेदीची वर्षे मुरलेली असतात, तिला पसारा समजणे हा अन्यायच. "माझी हत्यारं घेऊन मी वेगळी होते," एवढे बोलून नणंदेने तोंड मिटले.

गाडीदुरुस्तीचे काम भावजयीला वन्संनीच शिकवले होते, आणि वन्संविना ते गॅरेज म्हणजे नुसते पत्र्याचे छप्पर. पण आपण होऊन नमते घ्यावे, तर ताठा तिलाही काही कमी नव्हता.

अशात एका फोटोग्राफरची गाडी आली. इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या दातेरी चाकाचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात झिजले होते. चाक बदलायला दोघी हव्यात: एकीने खालून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, सांभाळायचा, दुसरीने वर नवे चाक बसवून, खुणेला खूण जुळवून दोन्हींना जोडणारा पट्टा चढवायचा. पट्टा एक दात जरी सरकला, तरी इंजिनाचा ताल बिघडतो.

नणंद मुकाट्याने गाडीखाली शिरली. भावजयीने नवे चाक घट्ट बसवले आणि पट्टा हातात घेतला.

"साहेब, त्यांना सांगा, क्रँक किंचित पुढे घ्या."

फोटोग्राफर अदबीने खाली वाकला. "ताई, आपल्याला सवड असेल तर क्रँक किंचित पुढे..."

"सवड? मी काय इथे झोपायला आलेय?"

क्रँक हलला. "बास म्हणावं," असे म्हणत भावजयीने पट्टा चढवला.

"ताई, त्या म्हणतात, एवढं पुरे. आपले फार आभार."

आभार मानून होईपर्यंत क्रँक जरा जास्तच फिरला होता.

हाताने फिरवून पाहिल्याखेरीज इंजिन सुरू करायचे नाही, हा वन्संचा दंडक. त्यांनी खालून पान्याने क्रँकला दोन पूर्ण फेरे दिले. खालची खूण जागेवर आली, वरची हुकली.

"सांगा त्यांना, वरची खूण चुकलीय."

"ताई, वरची खूण जराशी नाराज दिसतेय."

गाडीखाली पाना आपटला. "नाराज? अगं भवाने, तूच सांग की! पुढे का मागे?"

"मागे, वन्सं! एक दात!"

"मग पट्टा चढवलास कशाला? डोळे घरी ठेवून आलीस?"

"तुम्ही थांबला नाहीत!"

"याचे आभार संपतील तेव्हा थांबणार ना!"

फोटोग्राफर सुटकेचा निःश्वास टाकून जुन्या टायरवर जाऊन बसला. पट्टा पुन्हा उतरला. आता 'पुढे', 'हळू', 'थांबा' अगदी वेळेवर पोहोचू लागले. त्यांच्याच ओघात भावजय म्हणाली, "वन्सं, त्या पान्यांचं... माझं चुकलं."

"चुकलंच. हात चालव."

या खेपेला दोन्ही खुणा जागच्या जागी आल्या. इंजिन पहिल्याच किल्लीला एकसुरात सुरू झाले. नणंद कपाळभर ग्रीस घेऊन बाहेर आली.

"पुढच्या महिन्यात ते डिझेलचं धूड उघडायचंय आपल्याला," ती दरडावून म्हणाली. "तेव्हा असला दुभाषा मला चालायचा नाही."

हसू दिसू नये म्हणून भावजय बॉनेटखाली आणखी वाकली, आणि घट्ट असलेलाच बोल्ट पुन्हा तपासू लागली.