गाडी कुठवर येते?

आमच्या शेजारच्या वहिनी रत्नागिरीत रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कक्षात फोन घेतात. गावाकडचं कुणी भेटलं की तब्येत विचारायच्या आधी त्या विचारतात, "गाडी कुठवर येते हो तुमच्याकडे? वळवायला जागा आहे?" माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात देवरूखहून आलेल्या व्याह्यांनाही त्यांनी हेच विचारलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

यंदा मे महिन्यात पालीजवळच्या आमच्या गावी भरदुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. मी फोन लावला, तर पलीकडे त्याच. मी ओळख सांगायला लागलो.

"ते राहू दे. गाडी कुठवर येते?"

घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्यांची पाखाडी आहे, साठेक पायऱ्या, त्यातली एक हलते, असं मी कसंबसं सांगितलं.

"त्यांना चालवू नका. खुर्चीत बसवा, चौघांनी उचला. हलत्या पायरीपाशी एक माणूस आधीच उभा करा."

आवाज जराही चढला नाही. गाडीचं दार लागेपर्यंत त्या फोनवर होत्या.

पंधरा दिवसांनी आईला रत्नागिरीच्या घरी आणलं आणि मी फणसाचे गरे घेऊन वहिनींकडे गेलो. भिंतीला भिंत लागून, पण इतक्या दिवसांत त्यांनी चौकशीही केली नव्हती, याचा मला थोडा रागच होता.

"म्हणजे आई बऱ्या आहेत?" त्या दारातच खाली बसल्या. "आम्हाला पुढचं कधी कळत नाही हो. आणि ओळखीच्यांना विचारायचा धीर होत नाही."

पदराने डोळे पुसून त्यांनी गरे घेतले.

"आणि ती पायरी? बसवून घेतलीत?"