वरातीच्या ट्रॅक्टरचं बूच

ती केस अजून डोक्यातून जात नाई, कारन तपास करता करता माहीच पँट ओली झाली अन् सारं लगन पाहून राहिलं होतं.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी लकडगंजकडे हवालदार होतो. शाळा चौथीतच सुटली, म्हनून पंचनामा शिपाई लिहे अन् मी बाजूले मिशीवर हात फिरवत बसो. त्या दिवशी एका लग्नात बंदोबस्ताले होतो, म्हंजे पंगतीत तिसऱ्या लाडवावर होतो. नवरदेव वाडीचा. आजोबाच्या वक्ताचा जुना ट्रॅक्टर सोताच चालवत वरात घेऊन आला होता. नवरीबी त्याच्यावरच बसून सासरी जानार होती.

पाठवनीची वेळ झाली अन् नवरदेवाचा बाप धावत आला. "हवालदार साहेब, चोरी झाली."

इंजनच्या माथ्यात एक पितळी सेंसर असते. इंजन किती तापलं, ते तो समोरच्या काट्याले सांगते. तोच गायब. त्याच्या जागी भोकात लाकडाचं बूच ठोकलं होतं.

नवरीचा मामा ट्रॅक्टरचा मिस्त्री. झालं, शक सरळ त्याच्यावर. "चोराच्या घरची पोरगी मी नेत नाई," नवरदेवाचा बाप अडून बसला. नवरी रडायले लागली, अन् ते काही पाठवनीचं रडनं नव्हतं.

मी म्हनलं, पहिले मुद्देमाल जप्त करू. अन् बूच उपटलं. त्याच्यामागं रेडिएटरचं पानी असते, हे मले कोन सांगनार? धार आली ते सरळ कमरेवर. एक म्हातारी म्हने, "भिऊ नको गा, नव्या नोकरीत होते असं." मले नोकरीत बारा वर्सं झाली होती.

मामाले बाजूले घेऊन दरडावलं. "खरं सांग. पाना तुह्याच जवळ असते."

"साहेब, मले चोरायचंच असतं तं अख्खं इंजन नेलं असतं. भाचीच्या लग्नात एवढुसं बोंडुक काहून नेऊ?" असं म्हनून त्यानं मले पुसायले दुपट्टा देला. असा माहा दरारा.

तेवढ्यात आचाऱ्यानं खबर देली. "साहेब, पंगत बसली तवा मामाची पोरगी माह्या चुलीजवळ लाकूड तासून राहिली होती." मी हातातलं बूच पाहिलं. त्याले सूत गुंडाळलं होतं, अन् सुताले हळद लागली होती. म्हंजे काम मांडवातलंच. पन त्या पोरीले सेंसर काहून पाहिजे?

पँट वाळली का म्हनून खाली पाहिलं, तं बाजूले नवरदेवाचे पाय दिसले. पायात जोडे.

"काहून गा, तुहे जोडे साळ्यांनी लपवले नाई?"

तो लाजला. "मी ते अगोदरच ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं, साहेब."

मग मी पोरीले बोलावलं. तिनं गजऱ्याखालून, अंबाड्यातून सेंसर काढला अन् माह्या हातावर ठेवला. "जोडे भेटले नाई, तं हे लपवलं. पानी जाऊ नये म्हनून बूचबी ठोकलं. पानी तुमीच सांडवलं, साहेब."

"तवाच काहून बोलली नाई वं?"

"बाबाले चोर म्हनलं तवा वाटलं, माह्यापायी लगनच मोडते का काय. आता बोलतो. मले जोडे लपवल्याच्या नेगाचे पैसे नाई पाहिजे. ताईच्या मामंजींनी तो चोर शब्द वापस घ्यावा. तवाच सेंसर बसवीन."

सारे नवरदेवाच्या बापाकडे पाहून राहिले. तो उठला, मामापुढं हात जोडले, अन् माह्याच पत्रावळीतला उरलेला लाडू त्याच्या तोंडात कोंबला.

पोरीनं सेंसरच्या आट्यांवर नवं सूत गुंडाळलं, पानी गळू नये म्हनून सफेदा लावला, पान्यानं कसला. मामानं पानी भरलं. ट्रॅक्टर धडधडला, काटा हळूहळू वर चढला, तसे वऱ्हाडी टाळ्या पिटून राहिले. नवरी डोळे पुसत, हासत मडगार्डवर बसली. बँडवाल्यानं पुन्हा वाजवलं. नवरदेवानं जाता जाता पायातले जोडे काढून साळीच्या हातात देले अन् अनवानीच गाडी हाकली.

तवापासून कोनत्याबी चोरीत मी, काय गेलं हे मागून पाहो. मागं काय ठेवलं, हे पहिले. नेल्यावर भोक बुजवून जाते, तो चोर नसते, घरचाच कोनी असते.

अन् बूच उपटाचं असन, तं बाजूले उभं राहून उपटा.