बेसिन त्यांचं होतं

माझे दोन्ही हात निळ्या दिव्याखाली धरले होते आणि समोरचं सभागृह हसत होतं.

पुण्यातलं मोठं खाजगी हॉस्पिटल. हात धुण्याचं महत्त्व सांगायचा कार्यक्रम. पुढे खुर्च्यांवर डॉक्टर, त्यांच्यामागे नर्स, आम्ही सफाईच्या बायका भिंतीला लागून उभ्या. इन्फेक्शन विभागाच्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "मावशी, तुम्ही या वर. तुमच्या हातांवर छान दिसेल."

त्या माझ्याच वयाच्या. तरी मी मावशी.

त्यांनी माझ्या हातांना मलम चोळलं. म्हणाल्या, "आता रोज धुता तसेच धुऊन या." आले धुऊन. दिवा लावला. मलम जिथे राहिलं होतं तिथे हात चमकायला लागले. नखांत, बोटांच्या बेचक्यांत.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "इन्फेक्शन कुठून पसरतं ते."

मोबाइल वर झाले. खुर्च्यांतून एकजण म्हणाला, "अहो, यांच्यात साबण वापरतात का?"

यांच्यात. वाशीमकडून मी पुण्याला आले, पण हा शब्द माझ्या आधी पोचला होता.

माझ्यानंतर कुणाला वर बोलावलं नाही. एकाही डॉक्टरचा हात त्या दिव्याखाली गेला नाही.

बिबवेवाडीतल्या खोलीवर आले आणि भांड्याच्या घासणीने हात घासत बसले. कातडी सोलवटेपर्यंत. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तेव्हा मला लाज वाटली होती. माझीच.

आम्ही हात धुवायचे तरी कुठे? जिन्याखाली, फरशीची फडकी पिळायच्या नळावर. तिथे साबण नाही. मागितला तर सुपरवायझर म्हणाला, "घरून आणा की." वॉर्डाच्या दाराशी मात्र बेसिन होतं. कोपराने उघडायचा नळ, बाटलीत साबण, पुसायला कागद. नवी होते तेव्हा एकदा तिथे गेले, तर इन्चार्ज सिस्टरने हटकलं. "मावशी, हे स्टाफसाठी आहे." मी कॉन्ट्रॅक्टवरची. स्टाफ नव्हे.

कार्यक्रम झाला, नोटीस बोर्डावर त्याचे फोटो लागले. थोड्याच दिवसांनी वॉर्डात पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. मी शेजारच्या पेशंटचं बेडपॅन रिकामं करून आले होते. ग्लोव्हज संपलेले. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर ओरडल्या, "मावशी, आजींना कुशीवर घ्यायचंय. धरा पटकन."

आजींची पट्टी सरकली होती. टाके उघडे. मी बेसिनकडे वळले.

"तिथे नाही! आधी धरा, मग खाली जाऊन धुवा."

मी हात मागे घेतले. "धुतल्याशिवाय हात लावत नाई मी." गावाकडची बोली निघाली तोंडातून. पुण्यात इतकी वर्षं दाबून ठेवलेली.

"मग काय, तुमच्यासाठी वेगळं बेसिन बांधायचं?"

"वेगळं नको. हेच."

नळ उघडला. नखं, बेचकी, मनगट. सावकाश धुतलं सगळं. वॉर्ड बघत होता. मग येऊन आजींना धरलं. त्या कण्हत म्हणाल्या, "गार आहेत गं हात." बस, एवढंच.

दुपारी सुपरवायझर आला. "कॉन्ट्रॅक्टरला फोन गेलाय. सिस्टरना सॉरी म्हणा, मिटवून टाकू."

बरोबरच्या बायका म्हणाल्या, म्हणून टाक, तोंडाचं काय जातं. मलाही वाटलं, म्हणावं. मुलगी शाळेत आहे.

तरी विचारलं, "सॉरी कशाबद्दल?"

तो म्हणाला, "त्यांच्या बेसिनला हात लावलात ना."

ते ऐकलं आणि माझी लाज तिथेच संपली. माझी आजी हे भांडण विहिरीवर भांडली होती. आता नळ कोपराने उघडतो, इतकाच फरक.

मी सॉरी म्हटलं नाही. मला वॉर्डातून काढून तळघरात कपड्यांच्या विभागात टाकलं. रक्ताच्या, पुवाच्या चादरी. तिथेही साबण नाही. काल तिथल्या बायकांना घेऊन वर गेले. स्टाफच्या बेसिनवर एकेकीने हात धुतले. कुणी अडवायला आलं, कुणी व्हिडिओ काढला. काढू देत.

सुपरवायझर म्हणतो, पुन्हा गेलात तर घरी बसवीन. बसव. पण या इमारतीत माझं काम आहे तोवर मी तिथेच हात धुणार. कुणालाही न विचारता.