पुरणपोळीखाली सुरमई

मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत मी घरीच होते. मग हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत पुन्हा नोकरी लागली, पण तात्पुरती. स्वतःचं काही करून दाखवलं तरच पक्की होणार होती. टीमलीड माझ्याहून बराच लहान. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त आउटपुट तपासा. कोडिंग आम्ही बघतो." असा संताप आला!

काम होतं पाककृतींच्या एका जाडजूड पुस्तकाचं. त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये पदार्थाचं नाव, साहित्य, कृती अशा प्रत्येक तुकड्याला ओळखीची चिठ्ठी, म्हणजे टॅग; पण सगळे टॅग एकाच पातळीवर, एकामागून एक. काय कोणाचं, ते फक्त क्रमावरून कळायचं. स्टाइलशीट, म्हणजे फाइलची मांडणी बदलणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून प्रत्येक पदार्थाचा वेगळा गट करायचा होता. लीडने टॅगच्या नावावरून गट पाडले. झालं! सगळी साहित्यं एका ढिगात, सगळ्या कृती दुसऱ्या. मग त्याने क्रमाने जोड्या लावल्या. पण काही कृती दोन-दोन परिच्छेदांच्या, प्रत्येक परिच्छेदाला वेगळा टॅग, त्यामुळे सगळं सरकत गेलं. मी तपासायला बसले, तर पुरणपोळीखाली 'सुरमईला हळद-मीठ चोळून ठेवा'. माझी हसून मुरकुंडी वळली.

"आता हातानेच कापून चिकटवू," लीड वैतागून म्हणाला.

"अहो, हाताने कशाला? संध्याकाळपर्यंत मला द्या."

"जमेल तुम्हाला?"

"नाही जमलं तर जाते घरी. नाहीतरी तुम्ही पाठवणारच आहात."

बोलून बसले खरी, आणि लगेच कीबोर्ड पुढे ओढला. मी स्टाइलशीटला एवढंच सांगितलं: पदार्थाचं नाव दिसलं की नवा गट उघड, पुढचं नाव येईपर्यंत जे येईल ते त्याच घरचं.

संध्याकाळी सगळी टीम माझ्या खुर्चीमागे उभी. पुरणपोळीला पुरण मिळालं, सुरमई आपल्या जागी गेली. लीड मात्र सोडेना. "पहिल्या पदार्थाच्या आधी प्रस्तावना आहे. तिचा बिननावाचा गट होईल, त्याचं काय?"

"फाइलच्या सुरुवातीला जाऊन बघा की."

प्रस्तावना वेगळी, नीटनेटकी उभी होती. तिची सोय मी आधीच केली होती. खोटं कशाला बोलू, छाती अशी फुगली! घरी बसून डोक्याला गंज चढला असेल, ही भीती मलाही होतीच ना.

नोकरी पक्की झाली. पुढच्या पुस्तकाचं कोडिंग माझ्याकडे आलं. लीडने विचारलं, "मॅडम, मग आउटपुट तपासायला कोणाला बसवायचं?"

म्हटलं, "तुम्ही आहात की."