पांढरा चहा

माझी थोरली दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. हातपाय काड्या, पोट तेवढं नगारा. नवरा मुंबईत गिरणीला, गाय आटलेली, माझ्याही अंगावर दूध उरलं नव्हतं. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथवर ग्रामसेविका चढून यायची आणि लहान पोरांसाठी सरकारी दुधाच्या भुकटीचा डबा द्यायची. बजावायची, "वहिनी, हे लेकराच्याच पोटात जाऊ दे. उभी राहील बघा."

पण बाई अंगणात दिसली की सासूबाई आधण ठेवायच्या. "डबा काढ गो! कोरा च्या देतंस काय तिला? शेतकऱ्याचं घर हाय आपलं, नाव जाईल." मी डबा काढायचे. सासूवर कशाला ढकलू? मलाही तेच वाटायचं. घरात दूध नाही हे परक्या बाईला कळण्यापेक्षा मेलेलं बरं! मग मुंबईचा पाहुणा आला, पुन्हा तोच डबा. लेकराला तळाचं खरवडून मिळायचं.

एकदा बाईने बशीत चहा ओतला आणि भुकटीची गुठळी वर तरंगली. बाई गुठळीकडे बघत राहिली. माझी पोर बशीकडे हात करून रडत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आजी, मला कोराच आवडतो," एवढं बोलून बाईने बशी खाली ठेवली. त्या दिवसापासून आमचा डबा पोरीचा झाला. दिवाळीला ती उंबऱ्याला धरून उभी राहिली.

त्या दिवशी आमच्याकडून उठून बाई शेजारी गेली होती. मधे नुसता काटक्यांचा कूड, सगळं ऐकू यायचं. तिथंही तान्ह्याच्या भुकटीचा डबा निघाला, तिथंही तिने दूध नको म्हटलं. शेजारीण फणकारली, "का, आमच्या घरचा च्या चालत नाय?" बाई मुकाट्याने प्याली.

शेजारणीचा तान्हा त्या पावसाळ्यात हगवणीने गेला. अंगात काही नव्हतंच त्याच्या. सुतक फिटल्यावर मी बसायला गेले. शेजारणीने डोळे पुसले, उठली, फळीवरचा तोच डबा काढला आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

पांढरा होता. मी प्याले.