नापास लॉटवरची सही

कारखान्यात सगळे तिला गाळणीमावशी म्हणत. किडनी निकामी झालेल्यांचं रक्त ज्या गाळणीतून साफ करतात, ती तिथं बनायची. एका नळीत केसाइतके बारीक, आतून पोकळ असे प्लास्टिकचे हजारो तंतू. रक्त त्यांच्या आतून वाहणार, पाणी बाहेरून. रक्तातली घाण तंतूच्या भिंतीतून पाण्यात उतरणार, रक्तपेशी मात्र आतच राहणार. प्लास्टिकही असं, की रक्ताला ते सहसा परकं वाटू नये. मावशी गाळण्या पाण्यात बुडवून आत हवा भरायची. बुडबुडा दिसला की तंतू फुटका, लॉट नापास. एकोणीस वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून हे केलं.

धाकट्या जावेला तिनंच इथं चिकटवलं, हाताला धरून शिकवलं. मावशीचं मनगट मोडलं तेव्हा दीड महिना तिची सही जाऊच करायची. पुढे जाऊ विभागप्रमुख झाली, तर मावशीला कोण आनंद.

एके दुपारी साहेबांनी मावशीला बोलावलं. एका रुग्णालयात तीन गाळण्यांतून रक्त पाण्यात उतरलं होतं. मशीननं वेळीच इशारा दिला म्हणून पेशंट वाचले. पास केल्याच्या कागदावर मावशीची सही होती. लॉट तर तिनं नापास केला होता. सहीची शेवटची रेघ मात्र वर वळलेली होती. तशी वळवायची ती जाऊ.

ती तडक जावेकडे गेली.

"माल पाठवायची घाई होती, ताई. तुमच्या सहीवर कुणी शंका घेत नाही."

"आणि आता?"

"डोळे थकलेत म्हणून सांगा ना. तुमचं वय बघून साहेब सांभाळून घेतील."

मावशी मागे फिरली. मग साहेबांना सांगून तिनं त्याच लॉटचे राखून ठेवलेले नमुने मागवले आणि सगळ्यांदेखत पाण्यात बुडवले. दहातल्या चार गाळण्यांतून बुडबुडे आले. असा लॉट मावशी पास करील, हे साहेबांनाही पटेना. त्यांनी जावेला विचारलं, तेव्हा तिनं कबूल केलं. लॉट परत आला, तिची नोकरी गेली.

घरात मात्र मावशीच वाईट ठरली. दिरानं बोलणं टाकलं. नवरा म्हणाला, "घरातलं घरात मिटवायचं होतंस."

त्याच्याकडून तिला हे अपेक्षित नव्हतं. तिनं डबा भरला आणि पहिल्या पाळीला निघून गेली.