ऋणनिर्देशाचं पान

ताईंना नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई. ती गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढे धाकट्या भावाची ताई, भावाच्या मित्रांची ताई, दूधवाल्याची, पोस्टमनची ताई असं करत करत त्या सगळ्या गल्लीच्या ताई होऊन बसल्या. लग्नाचं वय भावाच्या शिक्षणात निघून गेलं. मग भावजय आली, तीही ताईच म्हणायला लागली. दारावरची पाटी भावाच्या नावाची, पत्रं यायची ती भावाच्या नावाने. यात कुणाचा काही दोष नव्हता. सगळी प्रेमानेच म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, ताईंनाही ते आवडायचं.

ताई कामाला होत्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. औषधाच्या दुकानावरची ती खोली. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर खालच्याने मुकाट्याने मागे फिरायचं. खिडकीकडे तोंड करून सात मशीनं, त्यातलं तिसरं कायम आजारी. सकाळी शिकायला मुली यायच्या आणि एकच ओळ शंभर वेळा बडवायच्या. दुपारी बाहेरचं काम चालायचं: अर्ज, करारनामे आणि कॉलेजातल्या लोकांचे प्रबंध. मशीनच्या तेलाचा, कार्बन पेपरचा आणि खालून येणाऱ्या औषधांचा असा एक मिश्र वास त्या खोलीला होता. आज तिथे चष्म्यांचं दुकान आहे. ताई शहात्तरच्या झाल्यात, चष्म्याचा नंबर काढायला तिथेच जातात, आणि डॉक्टर अक्षरं वाचायला सांगतो तेव्हा त्यांची बोटं मांडीवर आपोआप हलायला लागतात. डॉक्टरला वाटतं, बाईंना कंपवात आहे.

प्रबंधाचं काम म्हणजे खायचं काम नव्हतं. एका वेळी चार प्रती काढायच्या. वर चांगला कागद, मग कार्बन, मग कागद, असं सगळं चळतीने रोलरमध्ये घालायचं. चूक झाली की चारही कागदांवर रबराने खोडायची, नाहीतर सगळं पान नव्याने करायचं. म्हणून ताईंनी एक सोपा उपाय काढला होता. चूक करायचीच नाही. शहरातले प्राध्यापक काम द्यायला आले की मालकांना आधी विचारायचे, "ताई आहेत ना?"

प्रबंधात सगळ्यात शेवटी टाइप व्हायचं ते ऋणनिर्देशाचं पान. बांधताना ते लागतं पहिलं, पण लिहिणाऱ्याला सुचतं सगळ्यात शेवटी, दमून भागून झाल्यावर. त्या पानाचा साचा ताईंना तोंडपाठ झाला होता. आधी मार्गदर्शक, मग ग्रंथपाल, मग 'जिच्या सहकार्याविना हे कार्य तडीस गेले नसते' ती सहचारिणी. आणि अगदी तळाशी, 'सुबक टंकलेखनाबद्दल' इन्स्टिट्यूटच्या मालकांचे मनःपूर्वक आभार. मालक माणूस भला होता, पण मशीनला तेल कुठे घालतात यापलीकडे त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. 'सुबक' हा शब्द ताई मालकांसाठी वर्षाला तीन-चार वेळा तरी सुबकपणे टाइप करायच्या.

आता सांगायला हरकत नाही. दर वेळी ते पान हातात आलं की ताई टाइप करण्याआधी सगळ्यात खालची ओळ वाचायच्या. तिथे आपलं नाव नाही असं दिसलं की 'काय मेली ही हाव' म्हणून स्वतःलाच रागवायच्या आणि कागद मशीनला लावायच्या. चोवीस वर्षं हे असं चाललं होतं, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मागायचं कसं? आभार काय कुणी मागून घेतं?

त्या वर्षी पायरीसर आले. हे नाव मुलींनी ठेवलेलं. सर मानसशास्त्र शिकवायचे, पिशवीत हाताने लिहिलेल्या कागदांचा ढीग घेऊन यायचे आणि दर दोन वाक्यांनी 'पायरी' म्हणायचे. माणसाला काय काय लागतं आणि तो कशासाठी धडपडतो, हा त्यांचा विषय. अक्षर असं की मुंग्या दौतीत पडून कागदावरून घरी गेलेल्या. मालकांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि ताईंच्या टेबलावर ठेवून दिला.

दुसऱ्याच आठवड्यात आक्रीत झालं. प्रकरणाचं नाव होतं 'मानवी गरजांची उतरंड'. ताईंनी पान काढलं आणि नजर टाकली. मोठ्या ठळक अक्षरांत, अधोरेखित करून, त्यांनी टाइप केलं होतं, 'मानवी गजरांची उतरंड'. चारही प्रतींवर. बोटांनी र आणि ज यांची अदलाबदल केली होती. त्या पहाटे गजर वाजलाच नव्हता, भावाच्या पोरांची शाळा बुडता बुडता राहिली होती, ते डोक्यात घोळत होतं बहुतेक.

"सर, चुकलं. मी दुसरं पान करते."

सरांनी वाचलं आणि ते इतके हसले की जुन्या मास्तरांचा बशीतला चहा धोतरावर सांडायचा, सरांचा पँटवर सांडला, एवढाच काय तो काळाचा फरक. "ताई, तुम्ही माझा अख्खा प्रबंध एका शब्दात आणलात की. गरज म्हणजे तरी काय? आतून वाजणारा गजरच. एक बंद केला की दुसरा वाजतो."

त्या दिवसापासून सर ताईंना सगळं समजावून सांगायला लागले. उतरंडीत सगळ्यात खाली मोठं मडकं, भूक-तहान-झोपेचं. त्यावर डोक्यावरचं छप्पर आणि उद्याची शाश्वती. तिसरं आपलेपणाचं, म्हणजे आपली म्हणावी अशी माणसं. चौथं मानाचं. आणि सगळ्यात वर, माणसाच्या अंगात जे आहे ते फुलून येण्याचं. खालचं भरलं की मगच वरच्याची ओढ लागते, असं परदेशातले विद्वान म्हणतात. दुसऱ्या एका विद्वानाचं म्हणणं वेगळं. पगार, पंखा, उजेड नसला तर माणूस कुरकुरतो, पण तेवढं मिळालं म्हणून तो जीव ओतून काम करेलच असं नाही. जीव ओततो तो कुणी त्याच्या कामाची दखल घेतली तर. सरांनी अडीचशे गिरणी कामगारांना प्रश्न विचारून हे ताडून पाहिलं होतं.

"पण सर, खालचं भरल्याशिवाय वरचं लागत नाही, हे काही मला पटत नाही," एकदा ताई म्हणाल्या. मशीनवरचे हात न थांबवता म्हणाल्या.

"का बरं?"

"आई गेली त्या वर्षी आमच्याकडे एक वेळ चूल पेटायची. किराणावाला उधारीवर द्यायचा, पण चारचौघांत 'ए, तू मागे उभी राहा' म्हणायचा. पोटात आग असायची, तरी मी ते सामान तिथेच टाकून घरी आले होते. भाऊ उपाशी झोपला. मला अजून त्याचं वाईट वाटतं, पण मी परत गेले नाही. आता तुमच्या उतरंडीत मी कुठे बसते ते सांगा."

सरांनी खिशातून पेन काढलं. चार दिवसांनी पाचव्या प्रकरणाचे कागद आले त्यात तो सगळा प्रसंग होता आणि त्याच्या जोरावर सरांनी त्या परदेशी विद्वानांना चांगलंच धारेवर धरलं होतं. परिच्छेदाची सुरुवात होती, 'एका नोकरदार महिलेने प्रस्तुत संशोधकास सांगितले की'. ताईंनी ते टाइप केलं. एका नोकरदार महिलेने. त्यांना आनंद झाला आणि वाईटही वाटलं, आणि यातलं जास्त काय वाटलं ते त्यांना आजही सांगता येत नाही.

पाच महिने हे काम चाललं. ताईंच्या सगळ्या नोकरीतले ते सुखाचे महिने. सरांची वाक्यं लांबली की ताई मधेच तोडायच्या. तोच मुद्दा दोनदा आला की खूण करून ठेवायच्या, आणि सर मुकाट्याने एक मुद्दा काढून टाकायचे. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, मशीनची घंटा वाजायची, सर बाकावर बसून मधेच विचारायचे, "ताई, हे लोकांना कळेल ना?" असं कुणी आपल्याला विचारावं, याचीच त्यांना नवलाई.

चारशे अकरा पानं झाली. दुसऱ्या दिवशी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. दुपारी चारच्या सुमाराला सर ऋणनिर्देशाचा कागद घेऊन आले आणि चहाचा कप घेऊन बाकावर बसले.

ताईंनी कागद हातात घेतला. या वेळी त्या खालच्या ओळीवर गेल्या नाहीत, वरून सावकाश वाचत आल्या. मार्गदर्शक होते. ग्रंथपाल होते. अडीचशे कामगार, गिरणीचे व्यवस्थापक, गिरणीच्या फाटकावरचा वॉचमन, सरांची बायको, सरांचे सासरे. आणि तळाशी सुबक टंकलेखन, इन्स्टिट्यूटचे मालक.

त्यांनी चार कागद, तीन कार्बन लावले. रोलर फिरवला. आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"काय झालं ताई? अक्षर लागत नाही का?"

"लागतंय."

"मग?"

ताईंना वाटलं, आत्ता आपण गप्प बसलो तर जन्मभर गप्प बसू. "सर, यात माझं नाव नाही."

सर गोंधळले. कप बाकावर ठेवला, परत उचलला. "अहो ताई, तुमचं नाव कसं घालणार? तुम्ही आमच्या घरच्यासारख्या. घरच्यांचे आभार मानतात का कधी? तुम्हाला परकं केल्यासारखं होईल ते."

ते मनापासून बोलत होते, ताईंना दिसत होतं. आणि हेच वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. भावाच्या नोकरीचे पेढे वाटले तेव्हा, भावजयीच्या बाळंतपणात, मालकांच्या मुलीच्या लग्नात रात्रंदिवस राबल्या तेव्हा. तुमचे काय आभार मानायचे, तुम्ही आमच्याच.

"सर, मला परकं करा," ताई म्हणाल्या. "एका ओळीपुरतं करा."

सरांनी कप खाली ठेवला.

"तुमच्याच प्रबंधात आहे. मीच टाइप केलंय. तिसरी पायरी आपलेपणाची आणि चौथी मानाची. तिसरीवर मी चोवीस वर्षं बसून आहे, सर. तिथे माझं बरं चाललंय. पण वर चढायला कुणी सरकून जागा देत नाही. सगळे म्हणतात, बसा हो, तुम्ही आमच्याच."

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाच त्यांना राग आला. परीक्षा आली म्हणून दुपारीही शेजारच्या मशीनवर सराव करणाऱ्या मुलीची टकटक थांबली होती.

सरांची मान खाली गेली. मग त्यांनी हात पुढे केला, ताईंकडून कागद मागून घेतला, मालकांच्या नावाच्या वर रेघ मारून जागा केली आणि पेन उघडलं. तिथेच त्यांचं पेन अडलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "तुमचं नाव काय?"

ताईंनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पुष्कळ दिवसांत तोंडातून न निघालेलं नाव, ते त्यांना कुणा दुसऱ्याच बाईचं वाटलं.

"नावाआधी काय लावू? कुमारी?"

"त्रेचाळीस वर्षांची कुमारी कशाला? नुसतं नाव लिहा."

सरांनी लिहिलं. एकच ओळ नव्हती, चांगल्या तीन होत्या. टंकलेखन तर त्यांनी केलंच, पण या प्रबंधातील अनेक वाक्ये त्यांच्यामुळे सरळ झाली आणि पाचव्या प्रकरणाचा मूळ विचार त्यांचा आहे, असं त्यात होतं. ताईंनी तो कागद समोर ठेवला आणि टाइप करायला सुरुवात केली. मार्गदर्शक, ग्रंथपाल, वॉचमन, सासरे, सगळे भराभर उरकले. मग स्वतःचं नाव आलं आणि वेलांटी चुकली.

पान काढलं, दुसरं लावलं. या वेळी वडिलांच्या नावापुढे जागा सुटली नाही. तिसऱ्या वेळी आडनावातलं एक अक्षर गाळलं गेलं. चारशे अकरा पानांत जिची एकच चूक सापडली, त्या बाईला स्वतःचं नाव टाइप करता येईना. येणार कसं? हजारो लोकांची नावं त्या बोटांनी उमटवली होती, हे एकदाही नाही. बोटांना ते ठाऊकच नव्हतं. सर दर वेळी नवे कागद पुढे करत राहिले.

पाचव्या वेळी बरोबर आलं. ताईंनी पान काढून सरांच्या हातात दिलं. सरांनी ते तपासायला म्हणून मोठ्याने वाचलं, आणि नावाशी आल्यावर जरा सावकाश, एकेक अक्षर नीट उच्चारून वाचलं.

शेजारच्या मशीनवरची मुलगी वर्षभर ताईंच्या हाताखाली शिकत होती. तिने मान वर करून विचारलं, "ह्या कोण?"

"मी," ताई म्हणाल्या.